आडनावांचे भांडवल

गेल्या काही वर्षांत आमच्या सुशिक्षित समाजाला एक नवाच छंद जडला आहे. एका आडनावाची जेवढी नामांकित माणसे सापडतील तेवढी गोळा करावयाची, त्यांची नावे एकाखाली एक मांडावयाची आणि शेवटी ‘पाहा आमच्या आडनावाचा पराक्रम!’ अशा अर्थाचा एक उद्गार ठेवून द्यावयाचा, असा हा छंद आहे. कुलसंमेलनांच्या स्मरणिकांतून तो वाढला, लग्नाच्या पंक्तींतून पसरला, आणि आता शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलेही तो पाठ म्हणून दाखवू लागली आहेत. एकाच आडनावाचा एक गणिती, एक क्रांतिकारक, एक कोशकार, एक अर्थशास्त्रज्ञ! ऐकणाराला क्षणभर मौज वाटते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मौज म्हणून सुरू झालेली गोष्ट अभिमान म्हणून मिरवू लागली, आणि त्या अभिमानाच्या गर्दीत खऱ्या माणसांची ओळख बुजू लागली, म्हणजे तिला विरोध करणे प्राप्त होते. तो विरोध आम्ही येथे करणार आहो. आणि त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरुड हे गाव व त्या गावाशी कायमचे जोडले गेलेले कर्वे हे आडनाव उदाहरणादाखल घेणार आहो.

गावाच्या नावाचाच घोळ आधी निस्तरला पाहिजे. मुरुड म्हटले की दहांतील आठ वाचकांच्या डोळ्यांपुढे सिद्दीचा जंजिरा उभा राहतो. ते मुरुड रायगड जिल्ह्यातले. लातुराजवळही एक मुरुड आहे, त्याला समुद्राचे वारेही लागलेले नाही. आमचे मुरुड हर्णैच्या शेजारचे, जेथून सुवर्णदुर्ग जवळ, जेथे दुर्गादेवीचे देऊळ आहे आणि नारळीपोफळीच्या बागा आहेत, ते. तीन गावांचे नाव एक आहे म्हणून लातूरच्या मुरुडकरांनी जंजिऱ्याच्या अजिंक्यपणाचा अभिमान बाळगावा असे कोणी म्हटले तर आपण हसू. गावांच्या बाबतीत जे हास्यास्पद ते माणसांच्या बाबतीत भूषणास्पद कसे ठरते, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

आता कर्व्यांकडे वळू. मुरुडच्या कर्व्यांपैकी धोंडो केशव हे 18 एप्रिल 1858 रोजी शेरवली येथे जन्मले आणि मुरुडास वाढले. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत असता 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्यास नेला, 1916 साली महिला विद्यापीठ स्थापिले, आणि 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न ही पदवी स्वीकारली. हे महर्षी. कृष्णाजी गोपाळ कर्वे हे दुसरे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या 1909 च्या डिसेंबरातील वधाच्या खटल्यात अनंत लक्ष्मण कान्हेरे व विनायक नारायण देशपांडे यांच्याबरोबर त्यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चिंतामण गणेश कर्वे हे तिसरे. यशवंत रामकृष्ण दाते यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग 1932 ते 1938 या काळात सिद्ध केले, आणि आजही शब्दासाठी अडलेल्या माणसाचा हात प्रथम तिकडेच जातो. दत्तात्रेय गोपाळ कर्वे हे चौथे. ग्रामोद्योग व लघुउद्योगांविषयीच्या 1955 च्या समितीला जे ‘कर्वे समिती’ म्हणतात ते यांच्यावरून, आणि रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नरपदही त्यांनी भूषविले.

या चौघांना एका पंगतीत बसवून स्मरणिकाकार काय साधतो? दोघांच्या वडिलांचे नावही गोपाळच होते, एवढा योगायोग त्याला आणखी सापडेल. परंतु त्यांतल्या एकाला सरकारने फासावर चढविले, आणि दुसऱ्याची सही सरकारी बँकेच्या कागदांवर मान्य झाली. एकाने शस्त्र जवळ केले, एकाने शब्द जमविले, एकाने विधवांसाठी झोपडी बांधली. यांना जोडणारा धागा आडनावापलीकडे कोणता? कर्वे या दोन अक्षरांत जर काही गुण असता तर तो चौघांत एकाच दिशेने प्रकटला असता. तो तसा प्रकटला नाही. कारण गुण त्या त्या माणसात होता.

परांजपे हे आडनाव घेतले तर हीच गोष्ट अधिक तिखटपणे दिसते. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना 1908 साली राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली. मुरुडापासून जवळच्या मुर्डी गावी जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, आणि 1921 साली त्याच राजवटीत मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. ही दोन माणसे एका सभेत एका ठरावावर बोलावयास उभी राहिली असती तर सभा मोडली असती! पण आडनावांच्या यादीत ती खांद्याला खांदा लावून उभी आहेत, आणि वाचणाऱ्या परांजप्यांची छाती दोहोंमुळे सारखीच फुगते. ज्याला दोन विरुद्ध मतांचा सारखाच अभिमान वाटतो त्याला दोहोंपैकी एकही मत कळलेले नसते, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु वाचक म्हणतील, यात कोणाचे बिघडले काय? चार घटका करमणूक झाली, मुलांना चार नावे कळली. बिघडले ते असे की, या सामुदायिक कीर्तीत ज्या व्यक्तीला समाजाने छळले तिचा छळ धुऊन निघतो आणि छळणारांचे वंशज मानकरी होऊन बसतात. 11 मार्च 1893 रोजी धोंडो केशवांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्यानंतर ते मुरुडास गेले तेव्हा गावाने त्यांचे स्वागत कसे केले? बहिष्कार घालून. ज्या सभेत कर्वे येतील तेथे कोणी बसू नये, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतल्यास त्यांच्यावरही बहिष्कार पडावा, असा त्या गावकीचा बेत होता. ज्या माणसाने गावाच्या भल्यासाठी मुरुड फंड उभारण्याची खटपट केली होती त्याला स्वतःच्या आईच्या दारात उभे राहण्याची पंचाईत पडली. आणि आज? आज प्रवासपुस्तिका मुरुडाची ओळख ‘महर्षी कर्व्यांचे गाव’ अशी करून देतात. गावाने आपल्या थोर पुत्राचे नाव सांगू नये असे आमचे म्हणणे नाही. सांगावे, पण 1893 चा तो बहिष्कारही त्याच दमात सांगावा. जो आडनावाचा वाटा मागतो त्याने बहिष्काराचाही वाटा उचलला पाहिजे. वारसा घ्यावयाचा तर कर्जासह घ्यावा लागतो, हे व्यवहारात साध्या वकिलालाही ठाऊक असते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे जे झाले ते तर याहून वाईट, आणि आमच्या मते या लेखाचे खरे कारण तेच आहे. हे महर्षींचे ज्येष्ठ पुत्र. 14 जानेवारी 1882 रोजी मुरुडास जन्मले. वडिलांप्रमाणेच गणिताचे प्राध्यापक झाले. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हा विलायतेतही तो विषय चारचौघांत बोलण्याचा मानला जात नव्हता. 1925 साली विल्सन कॉलेजातील नोकरी त्यांना या कार्यापायी सोडावी लागली. 1927 च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वीस वर्षे, ते एकहाती चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. या माणसाने महाराष्ट्राला सांगितले की मूल होणे न होणे हा स्त्रीच्या इच्छेचा व आरोग्याचा प्रश्न आहे; त्यावर दैवाचा किंवा सासूचा अधिकार नाही. महाराष्ट्राने उत्तर म्हणून त्यांना न्यायालयाची पायरी दाखविली.

आणि मग पुढच्या पिढीने काय केले? ‘कर्वे’ या एका शब्दात पिता व पुत्र दोघांना कोंबले. कर्वे म्हटले की महर्षी, कर्वे म्हटले की हिंगणे, कर्वे म्हटले की भारतरत्न. पुत्र त्या तेजोवलयात विरून गेला. आम्ही स्वतः असे पदवीधर पाहिले आहेत की ज्यांची समजूत ‘समाजस्वास्थ्य’ हे महर्षींच्याच संस्थेचे एखादे पत्रक असावे अशी होती. 2001 साली अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट आला तेव्हा अनेक घरांत प्रथमच विचारले गेले की हे रघुनाथराव कोण. मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी! वडिलांना भारतरत्न मिळाले ते पुत्र जाऊन पाच वर्षे झाल्यावर. आणि त्या गौरवाच्या प्रकाशात दंड भरलेल्या पुत्राकडे पाहण्याची कोणास गरज वाटली नाही. एक आडनाव दोघांना असल्यामुळे समाजाला सोय झाली. एका कर्व्यांचा सत्कार केला म्हणजे सगळ्या कर्व्यांचा झाला!

रघुनाथरावांच्या मदतीला कोण आले, हेही पाहण्यासारखे आहे. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने मुंबईत उभे राहिले ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. ज्या आंबडवे गावाचे नाव त्यांच्या आडनावात आहे ते गाव दापोलीला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यातले. त्यांच्या बालपणाची काही वर्षे दापोलीतच गेली. म्हणजे भूगोल एकच होता. पण ना आडनाव एक, ना जात एक. आणि रघुनाथरावांचे कार्य त्यांच्यामागे ज्यांनी पुढे नेले त्यांत अग्रभागी होत्या शकुंतला परांजपे, रँग्लरांच्या कन्या. विचाराचा वारस आडनावाच्या दाराने येत नाही, तो जेथून वाट सापडेल तेथून येतो, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा? एका संकटात ज्यांनी वकीलपत्र घेतले त्यांचे नाव ‘कर्वे कुलभूषणां’च्या यादीत येणार नाही, आणि ज्याने त्या मासिकाचा अंक कधी हातात धरला नाही अशा कुणा दूरच्या कर्व्याला मात्र ती यादी वाचून मिशीला पीळ देता येईल.

स्त्रियांच्या बाबतीत हा आडनावांचा खेळ केवळ हास्यास्पद राहत नाही, तो अन्यायाचा होतो. इरावती कर्वे यांना आम्ही सगळे कर्वे म्हणून ओळखतो. त्या जन्माने करमरकर. 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या, तेथील नदीवरून त्यांचे नाव पडले, रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या, बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्राची पदवी घेऊन आल्या, आणि ‘युगान्त’ लिहून त्यांनी महाभारतातील माणसांना माणसांच्या मापाने मोजले. त्यांच्या बुद्धीचा वाटा कोणत्या आडनावाच्या खात्यावर जमा करावयाचा? करमरकरांच्या, परांजप्यांच्या, की लग्नानंतर मिळालेल्या कर्व्यांच्या? यादी करणारा हा प्रश्न स्वतःस विचारीतच नाही. सून कीर्तिमान निघाली तर ती आमची. आणि लेक कीर्तिमान निघाली तर तिचे सासरचे आडनाव पाहून तिला दुसऱ्या यादीत ढकलावयाचे. जुने कुलवृत्तांत उघडून पाहावेत. मुलग्यांच्या मागे पिढ्यांची शाखा वाढत जाते, आणि मुलीच्या नावापुढे ‘अमुक गावी दिली’ एवढी नोंद होऊन ओळ संपते.

आडनावच काय, स्त्रीचे स्वतःचे नावही तिचे राहत नव्हते. गोदूबाई देवरुखच्या जोशांची मुलगी. आठव्या वर्षी नातू घराण्यात दिली, काही महिन्यांत विधवा झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. पुनर्विवाहात तिचे नाव आनंदीबाई झाले, आणि लोकांनी पुढे तिला बाया कर्वे म्हटले. त्याच्या किती तरी आधी कल्याणच्या जोशांची यमुना ही लग्नात आनंदी झाली, 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाली, आणि 1887 च्या फेब्रुवारीत, पुरती बावीस वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा, वारली. आणि या दोघींच्या शंभर वर्षे आधी गुहागरजवळच्या ओकांची मुलगी राघोबादादांची पत्नी आनंदीबाई होऊन इतिहासात आली. 1773 च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर ‘ध’चा ‘मा’ हा शब्दप्रयोग तिच्या नावाला जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही. तीन आनंदीबाई! एकीच्या नावावर खून लिहिला गेला, दुसरीने परदेशी विद्येसाठी प्राण वेचले, तिसरीने आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागितली. नावाचा प्रभाव मानणारांनी यातून कोणता सिद्धांत काढावयाचा तो काढावा. आम्हांस एवढेच दिसते की, यांतील दोघींचे मूळचे नाव यमुना व गोदू होते, दोन्ही नद्यांची नावे होती, आणि ती नावे लग्नाच्या दिवशी वाहून गेली. बायांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले, 1944 साली ते प्रसिद्ध झाले. आमच्या किती घरांत ते आहे? महर्षींचे ‘आत्मवृत्त’ कपाटात असते. त्याच संसाराची दुसरी बाजू सांगणारे पुस्तक मागावे लागते.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. आक्षेपक म्हणेल की लहान मुलाला आपल्या आडनावाचा थोर पुरुष दाखविला म्हणजे त्याच्या मनात उमेद उत्पन्न होते. आडनावाचे नाते खोटे असले तरी उमेद खरी असते. धोंडो केशवांचेच उदाहरण घेऊन आम्ही याला उत्तर देतो. परीक्षेसाठी मुरुडाहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेलेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षकाने परत लावलेला तो मुलगा, आपल्यामागे कोणत्या नामांकित कर्व्याची कीर्ती घेऊन चालला होता? तेव्हा कर्वे हे आडनाव मुरुडाबाहेर कोणास ठाऊक होते? त्याची उमेद परिस्थितीने दिली, मुरुडातल्या शाळेने दिली. ज्या मुलाला स्फूर्ती द्यावयाची त्याला त्या चालण्याची गोष्ट सांगा. ती देशमुखाच्या, कांबळ्याच्या, शेखच्या मुलालाही तितकीच लागू पडेल. पण आडनावाची यादी फक्त कर्व्यांच्या मुलाला लागू पडते. उरलेल्या वर्गाने ती ऐकून काय करावे? आणि ज्या आडनावाचा एकही माणूस अद्याप ग्रंथांत गेला नाही त्या मुलाने मान खाली घालावी काय? हा अभिमान वरवर आडनावाचा दिसतो. त्याच्या तळाशी हात घातला तर तेथे जात लागते. जातीची संमेलने भरविण्याची आज थोडी लाज वाटते, म्हणून दारावरची पाटी बदलली आहे. आतली पंगत तीच आहे.

आता नामसाम्याचा जो खरा, व्यावहारिक उपद्रव आहे त्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. हरि नारायण आपटे व नारायण हरि आपटे हे दोन कादंबरीकार. पहिले 1919 साली वारले, दुसरे 1971 पर्यंत होते. नावे एकमेकांची उलट, जणू आरशात पाहिलेली. ‘पण लक्षात कोण घेतो?’ कोणाची आणि ‘न पटणारी गोष्ट’ कोणाची, हे ग्रंथालयाच्या कार्डावर नुसते ‘आपटे’ लिहिल्याने कसे कळणार? विधवाविवाहाचे कट्टे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित आणि सुधारकांवर तुटून पडणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांना नुसते ‘विष्णुशास्त्री’ म्हणून एकाच वाक्यात गुंफलेले निबंध आमच्याकडे परीक्षणासाठी आलेले आहेत. एका लेखकाने तर चिपळूणकरांकडून विधवेशी लग्नही लावून घेतले होते!

इंग्रजांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आम्हांस येथे आठवते. विन्स्टन चर्चिल यांना तरुणपणी आढळून आले की याच नावाचा एक अमेरिकन कादंबरीकार त्यांच्याहून अधिक नावाजलेला आहे. त्यांनी 1899 साली त्याला पत्र लिहून कळविले की यापुढे आपण आपल्या लेखनावर ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ अशी सही करू. कोणी कोणाच्या कीर्तीत वाटा मागितला नाही. पुढे कादंबरीकार विसरला गेला आणि दुसरे चर्चिल जगाच्या तोंडी झाले. पण पुस्तकावरचे ते मधले नाव तसेच राहिले. आमच्याकडे असा प्रसंग आला असता तर दोघांचा मिळून सत्कार झाला असता, आणि नारळ देताना अध्यक्षांनी दोघांचे मूळ गाव एकच असल्याचा शोध लावला असता.

आमची मागणी मोठी नाही. पाठ्यपुस्तकांत, पाट्यांवर, ग्रंथसूचीत पुरे नाव लिहावे. र. धों., धों. के., चिं. ग., द. गो. ही आद्याक्षरांची दाटी माहीतगाराला पुरते; शाळेतल्या मुलीला ती चार डबे सारख्या रंगाचे दिसावेत तशी दिसते. स्त्रीच्या नावाबरोबर तिचे माहेरचे नावही नोंदवावे, म्हणजे करमरकरांची इरावती आणि जोशांची गोदू दोन्ही शाबूत राहतील. आणि स्मरणिकाकारांनी यादी करावयाचीच असेल तर प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना आखावा: या माणसाच्या हयातीत आमच्यापैकी किती जण त्याच्या बाजूला उभे होते? पुष्कळ रकाने कोरे राहतील. ते कोरेच छापावेत.

पुण्यातला तो लांबलचक रस्ता लोकांच्या तोंडी नुसता कर्वे रस्ता आहे. हिंगण्याचे कर्वेनगर झाले, मुंबईतल्या क्वीन्स रोडला महर्षींचे नाव मिळाले, हे योग्यच झाले. परंतु त्या पाट्यांवर ‘धोंडो केशव’ ही पाच अक्षरेही असावीत, आणि मुंबईत ज्या शहराने रघुनाथरावांना दंड केला तेथे ‘रघुनाथ धोंडो’ ही सहा अक्षरे असलेली एखादी पाटी कोठे तरी लागावी. जागा पुरत नाही असे कोणी म्हणत असेल तर पाटी मोठी करावी.